नौदलाचं तेजस : वाया गेलेलं की शिकवून गेलेलं?

मंडळी, आपल्या शुगर लँडहून कॉर्पस ख्रिस्ती तीन-साडेतीन तासांवर. भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना तिथली 'लेक्सिंग्टन' ही जुनी विमानवाहू नौका दाखवायला हमखास नेतो. तिच्या डेकवर उभं राहिलं की मला गोवा आठवतो. समुद्रामुळे नव्हे, दाबोळीमुळे!

दाबोळीचा विमानतळ मुळात नौदलाचा, 'आयएनएस हंसा'चा. तिथे जमिनीवरच नौकेच्या डेकची प्रतिकृती बांधली आहे: टोकाला वर वळलेला उतार आणि विमानाला अडवणारी पोलादी तार. नौदलाचं तेजस शिकलं ते याच शाळेत.

हलक्या लढाऊ विमानाचा हा प्रकल्प १९८३ चा. उड्डाण-नियंत्रणाच्या कामात अमेरिकन कंपनीची मदत होती. पण मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले आणि इथे काम करणाऱ्या भारतीय तंत्रज्ञांना परत जावं लागलं. उरलेलं काम त्यांनी बंगळूरला पुरं केलं. ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडालं. 'तेजस' हे नाव मिळालं २००३ मध्ये आणि त्याच वर्षी नौदलाच्या आवृत्तीलाही मंजुरी मिळाली.

वाटलं होतं, जमिनीवरचं विमान आहेच, त्याला मागे हूक लावला की झालं! तसं नसतं. धावपट्टीवर विमान अलगद टेकतं. नौकेवर ते अक्षरशः आदळतं. ताशी सुमारे २४० किलोमीटरचा वेग ९० मीटरच्या आत शून्यावर आणायचा. म्हणजे चाकांचे पाय दणकट हवेत, सांगाडा मजबूत हवा, वैमानिकाला डेक दिसावा म्हणून नाक खाली झुकलेलं हवं. हे सगळं केलं की वजन वाढतं, आणि इंजिन तेच, एकच!

पहिला नमुना २७ एप्रिल २०१२ रोजी उडाला. २० डिसेंबर २०१४ रोजी गोव्याच्या त्या उतारावरून कमोडोर जयदीप मावळणकरांनी तो हवेत झेपावला. (आडनाव वाचून कॉलर ताठ झाली, हे कबूल!) पण डिसेंबर २०१६ मध्ये नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी स्पष्टच सांगितलं, की हे विमान नौकेसाठी फार जड आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. १३ सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात तेजसने तार पकडली, आणि ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकरांनी ते भर समुद्रात 'विक्रमादित्य'वर उतरवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भारतात बांधलेल्या 'विक्रांत'वरही उतरलं. तरी एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी करार झाला तो २६ फ्रेंच राफेलचा.

मग इतकी वर्षं आणि एवढा पैसा पाण्यात गेला का? आपल्या गप्पांत हा प्रश्न येतोच, आणि एक बाजू 'सगळं फुकट' म्हणते, दुसरी 'जगात भारी'. मला दोन्ही पटत नाहीत. परदेशात अजून एकही तेजस विकलं गेलेलं नाही. मलेशियाने २०२३ मध्ये कोरियन विमान घेतलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. इंजिन मॅसॅच्युसेट्समधल्या लिनहून येतं, आणि ते वेळेवर न आल्याने हवाई दलाची विमानं रखडली. ड्रोनचंही तसंच: नागपूरला 'नागास्त्र' बनतं, पण समुद्रावर लांबवर टेहळणी करणारे सी गार्डियन अमेरिकेकडूनच घ्यावे लागतात.

पण नौकेवर विमान कसं उतरवायचं, हे ज्ञान कुठल्याही करारात विकत मिळत नाही. चाकांच्या पायांवर किती भार येतो, वारा किती हवा, हे आता आपल्या माणसांनी स्वतः मोजलेलं आहे. नौदलासाठी दोन इंजिनांचं नवं विमान आखताना हाच हिशोब हाताशी आहे. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझरला, जिथे एकेकाळी रशियन आराखड्यावरून मिग बनत, तिथे बनलेलं तेजस उडालं.

१९९८ मध्ये रिकाम्या हातांनी परतलेल्यांनी तीन वर्षांत विमान उडवून दाखवलं. माझ्या मते प्रकल्पाचं मोल तिथून मोजावं, केवळ खरेदीच्या यादीवरून नव्हे.