दोन मिनिटांच्या अंधारासाठी

खग्रास सूर्यग्रहण पाहावयाचे तर ते आपल्या दारी येईल म्हणून वाट पाहत बसून चालत नाही. चंद्राची गडद छाया पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्यातून सरकत जाते. त्या पट्ट्यात आधीच जाऊन उभे राहावे लागते. हा पट्टा कोठून जाणार हे गणिती कितीतरी वर्षे आधी सांगतात. त्या घटकेला तेथे ढग असतील की नाही, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टीफन पेरी यांनी आपले आयुष्य या निश्चित आणि अनिश्चित गोष्टींच्या सीमेवर घालविले.

इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट कॉलेजच्या वेधशाळेचे ते संचालक होते. १८७० साली ग्रहणासाठी ते स्पेनमध्ये काडिझजवळ गेले. १८७४ साली शुक्राच्या अधिक्रमणासाठी दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन बेटावर उतरले. १८८६ साली वेस्ट इंडीजमधील कॅरियाकू बेटावरून त्यांनी ग्रहण पाहिले. १८८७ साली ते रशियात गेले, तेव्हा ढगांनी सूर्य झाकून टाकला आणि सारा प्रवास व्यर्थ गेला. तरीही पुढील ग्रहणाची तयारी थांबली नाही.

ते ग्रहण २२ डिसेंबर १८८९ रोजी होते. छाया दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत शिरणार होती. म्हणून इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने दोन पथके पाठविली: एक अंगोलाच्या किनाऱ्यावर, दुसरे फादर पेरींच्या नेतृत्वाखाली फ्रेंच गियानाजवळील सॅल्यूत बेटांवर. दोन ठिकाणी एकसारखी उपकरणे लावून घेतलेली छायाचित्रे पुढे ताडून पाहावयाची आणि मधल्या काळात सूर्याच्या प्रभामंडलात काही बदल होतो का, हे शोधावयाचे, असा बेत होता.

ही बेटे म्हणजे तेव्हा फ्रेंच सरकारची काळ्या पाण्याची वसाहत होती. तेथील हवेत फादर पेरींना आमांशाने गाठले. ग्रहणाच्या दिवशी अंगात त्राण नसतानाही ते उपकरणापाशी उभे राहिले आणि खग्रास अवस्थेची ती जेमतेम दोन मिनिटे त्यांनी ठरल्याप्रमाणे पार पाडली. काम संपताच त्यांनी सहकाऱ्यांना तीन वेळा जयघोष करावयास सांगितले. स्वतःला मात्र त्यात आवाज मिसळता आला नाही. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, प्रेषित संत योहानाच्या सणाच्या दिवशी, 'कोमस' या युद्धनौकेवर त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. जॉर्जटाऊन येथे त्यांना माती देण्यात आली. अंगोलात ढग आले होते. त्यामुळे तुलनेचा मूळ बेत साधलाच नाही.

मग हा प्रवास फुकट गेला काय? आठ वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, छाया आपल्या कोकण किनाऱ्यावर आली. जानेवारीतल्या निरभ्र आकाशाच्या भरवशावर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गी उतरले, पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले आणि बिहारमधील डुमराव येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या एका पथकाने दुर्बिणी रोखल्या. फादर पेरी गेले. तरी त्यांच्या बंधूंनी ग्रहणाच्या वाटेवर जाऊन उभे राहणे सोडले नाही. नियोजन माणसाने करावे, आकाश मोकळे होणे देवाच्या हाती ठेवावे, आणि ढग आले तरी पुन्हा निघावे, एवढे शहाणपण त्यांच्या प्रवासातून आपल्याही पदरी पडते.