भांडारे, जावा घटकांची

जावा या संगणकीय भाषेतील आज्ञावलींच्या बांधणीस लागणारे, इतरांनी रचलेले तयार घटक साठविण्याची संग्रहस्थाने. २००० च्या सुमारास हे घटक ‘जार’ फाइलींच्या रूपात प्रत्येक प्रकल्प स्वतःजवळच ठेवी. अपाची संस्थेच्या टर्बाइन प्रकल्पसमूहात ही अडचण विशेष जाणवली व तीतून मेवन ही बांधणी-प्रणाली निघाली (आवृत्ती १.०, २००४). घटक आता सामाईक भांडारातून येऊ लागले. २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीत घटकाबरोबर त्याचे उपघटकही आपोआप आणण्याची व्यवस्था झाली. सोय मोठी, मात्र कोणता घटक कोठून आला, हे बांधणाऱ्याच्या नजरेआड झाले.

अनेक उपप्रकल्पांच्या प्रकल्पात भांडारांचे पत्ते कोठे नोंदवावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. ग्रेडल या नंतरच्या प्रणालीत ते प्रत्येक उपप्रकल्पात स्वतंत्रपणे लिहिता येत. शोध नोंदीच्या क्रमाने होत असल्याने, सार्वजनिक भांडार आधी असेल तर खाजगी घटकाच्या नावाचा बनावट घटक तेथून शिरण्याचा धोका असतो. जानेवारी २०२१ मधील ६.८ या आवृत्तीने सर्व पत्ते एकाच मुख्य फाइलीत ठेवण्याची आणि उपप्रकल्पांतील नोंदी नाकारण्याची तरतूद केली. पुढच्याच महिन्यात जेफ्रॉग कंपनीने जेसेंटर हे भांडार बंद करण्याचे जाहीर केले. अँड्रॉइडच्या असंख्य प्रकल्पांत त्याचा पत्ता होता. ज्यांनी तो जागोजागी लिहिला होता, त्यांना प्रत्येक फाइल बदलावी लागणार होती. केवळ तेथेच ठेवलेले घटक अन्यत्र हलविणे तर त्यांच्या कर्त्यांच्याच हाती होते. जेसेंटर पुढे वाचनापुरते उरले. २०२४ मध्ये त्याकडील मागण्या मेवन सेंट्रल या भांडाराकडे वळविण्यात आल्या.