‘साहेबच येणार!’ सोलापूर २०१९ : एका पराभवाचा घटनाक्रम

२३ मे २०१९ रोजी सुशीलकुमार शिंदे सोलापुरातून लागोपाठ दुसऱ्यांदा हरले. मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री आणि पुढे गृहमंत्री राहिलेला हा नेता स्वतःच्या गावात १ लाख ५८ हजार ६०८ मतांनी पडला. निम्म्या शहराने त्या रात्री गुलाल उधळला. उरलेल्यांत एक मतदार असा होता, ज्याच्या दृष्टीने त्या दिवशी आभाळच कोसळले.

हा मतदार कुणी एक माणूस नाही. तो बंद पडलेल्या गिरणीतला जुना कामगार असेल, नव्या पेठेतला दुकानदार असेल, नाहीतर एखादा निवृत्त शिक्षक. बाप हाताच्या पंजाला मत द्यायचा, म्हणून हाही देतो. शिंद्यांचे नाव तो घेत नाही. त्याच्यासाठी ते ‘साहेब’. त्याचे ते शेवटचे आठवडे आणि शेवटचे तास असे गेले.

१० मार्च, सायंकाळ. निकालाला ७४ दिवस

मुख्य निवडणूक आयुक्त सुनील अरोरा दिल्लीत तारखा जाहीर करतात. सोलापूर दुसऱ्या टप्प्यात, मतदान १८ एप्रिलला. आपला मतदार लगेच बोटांवर हिशेब मांडतो. लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ. शहर उत्तर आणि दक्षिण सोलापूर भाजपकडे. शहर मध्य, अक्कलकोट आणि पंढरपूर २०१४ मध्ये काँग्रेसने जिंकलेले, मोहोळ राष्ट्रवादीने. ‘चाराला दोन. साहेबच येणार!’

या हिशेबात एक आकडा नाही. २०१७ च्या महापालिकेत १०२ जागांपैकी भाजपला ४९ मिळाल्या, काँग्रेसला १४. कुणी आठवण करून दिली की तो म्हणतो, ‘ते नळाचं न गटारीचं मतदान, मालक. दिल्लीचं वेगळं असतंय.’ पालिकेत सत्ता गमावलेल्या पक्षाचे बूथ सांभाळणारे कार्यकर्ते गेले कुठे, हे तो विचारत नाही.

२० मार्च. ६४ दिवस

राष्ट्रवादीचे रणजितसिंह मोहिते-पाटील भाजपमध्ये जातात. माढ्यातून उभे राहण्याचा विचार शरद पवारांनी ११ मार्चलाच सोडलेला असतो. दहा दिवसांत जिल्ह्याच्या पश्चिम भागातले काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे दोन मोठे खांब हलतात. यावर आपल्या मतदाराचे उत्तर तीन शब्दांत येते: ‘माढ्याचं माढ्यात मिटेल.’

२६ मार्च. ५८ दिवस

अर्ज भरण्याची शेवटची तारीख. २००९ पासून ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०१४ मध्ये शिंद्यांना हरवणाऱ्या शरद बनसोडेंचे तिकीट भाजपने कापले आहे. त्यांच्या जागी अक्कलकोट तालुक्यातल्या गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य स्वामी उभे आहेत. तिसरे नाव प्रकाश आंबेडकरांचे. वंचित बहुजन आघाडी आणि सोबत एमआयएम.

बनसोडेंचे तिकीट कापल्याचा आपल्या मतदाराला आनंद होतो. ‘खासदार बदलावा लागला म्हणजे घाबरले!’ प्रत्यक्षात पाच वर्षांत खासदारावर साचलेली नाराजी भाजपने एका कागदात धुऊन टाकलेली असते. लोकांनी आता राग काढायचा कुणावर? महाराजांवर तर कुणाचा राग नाही. शिवाय लिंगायत समाजात मठाचा शब्द घरातल्या वडीलधाऱ्याच्या शब्दासारखा चालतो. भाजपचे दोन देशमुख मंत्री, विजयकुमार आणि सुभाष, एकमेकांना पाण्यात पाहतात. ते आतून पाडतील, यावर तो विसंबून आहे. आपल्या बाजूने कोण घरोघर फिरतेय, यापेक्षा समोरच्यांचे भांडण किती पेटलेय याचीच बातमी तो रोज विचारतो.

२९ मार्च, दुपार. ५५ दिवस

अर्ज मागे घेण्याची मुदत संपते. आंबेडकर अकोल्यातून उभे आहेत, ते इथून माघार घेतील अशी आशा होती. ती संपली. या क्षणानंतर मतदान यंत्रावरची नावे बदलणार नाहीत. येणारे संकट इथेच कागदावर मांडून पाहता आले असते. २०१४ च्या विधानसभेत शहर मध्यमध्ये साहेबांच्या कन्या प्रणिती शिंदे यांच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर एमआयएम होती, फरक अवघा ९,७६९ मतांचा. विजापूर वेशीतली आणि बुधवार पेठेतली मते आपोआप पंजाला पडतील, हे गृहीतक तेव्हाच डळमळले होते.

आजपासून आपल्या मतदाराच्या रागाची दिशा बदलते. मोदींवरचा राग मागे पडतो, वंचितवरचा पुढे येतो. ‘मतं खायला उभारलेत बे!’ हे वाक्य पुढचे वीस दिवस चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, रिक्षात ऐकू येते. ज्याला हे ऐकवले जाते, तो वंचितचा तरुण काय समजतो? त्याचे मत त्याचे नाही, ते काँग्रेसचे होते आणि कुणीतरी ते पळवले. मत मागण्याचा याहून वाईट मार्ग शोधून सापडायचा नाही.

१४ एप्रिल. ३९ दिवस

आंबेडकर जयंती. पार्क चौकातल्या पुतळ्याजवळ सकाळपासून रीघ लागली आहे. सगळ्या पक्षांचे नेते हार घालून जातात. निळे झेंडे घेतलेली पंचविशीच्या आतली पोरे घोषणा देतात, त्यात उमेदवाराचे नाव येते. आपला मतदार रस्त्याच्या कडेला उभा राहून ती गर्दी पाहतो आणि निर्वाळा देतो: ‘जयंतीची गर्दी आहे. गर्दीचं मत होत नसतंय.’

१५ एप्रिल, रात्र. ३८ दिवस

राज ठाकरे यांची सोलापुरात सभा. त्यांच्या मनसेचा राज्यात एकही उमेदवार नाही. तरी ‘लाव रे तो व्हिडिओ’ ऐकायला लोक लोटले आहेत. डिजिटल गाव म्हणून गाजवलेल्या हरिसालच्या सरकारी जाहिरातीत झळकलेला तरुण ठाकरे थेट मंचावर उभा करतात. मैदानात शिट्ट्या वाजतात. आपला मतदार घरी येऊन झोपत नाही, फोन लावत सुटतो. ‘फाडून ठेवलं! एवढी गर्दी! आता साहेब लाखानं येतेत.’

काल गर्दीचे मत होत नव्हते. आज होते. मधे फक्त एक रात्र गेली आहे आणि झेंड्याचा रंग बदलला आहे. कट्टर मतदाराच्या डोक्यात पुरावा असाच चालतो. आपल्या बाजूची गर्दी म्हणजे लाट, समोरची गर्दी म्हणजे भाड्याने आणलेली माणसे.

१६ एप्रिल, सायंकाळी ६. मतदानाला ११ तास कमी दोन दिवस

भोंगे बंद. ही आपली शेवटची निवडणूक, असे शिंद्यांनी प्रचारात सांगितले आहे. सात रस्त्याजवळच्या ‘जनवात्सल्य’ बंगल्यासमोर गर्दी आहे. आपल्या मतदाराचे डोळे भरून येतात. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागलेले, मग पोलिसात फौजदार झालेले आणि १९७४ साली करमाळ्यातून आमदार झालेले साहेब त्याने पाहिले आहेत, नाहीतर बापाकडून ऐकले आहेत. एवढ्या माणसाला शेवटच्या वेळी कोण नाही म्हणेल?

पण यंदा पहिल्यांदा मत देणारा मुलगा १९९९ किंवा २००० साली जन्मलेला. शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा, जानेवारी २००३ मध्ये, तो बोबडे बोलत होता. त्याने पाहिली ती चार-पाच दिवसांआड येणारी नळाची धार आणि नोकरीसाठी पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस. त्याच्या मोबाइलवर फेब्रुवारीपासून पुलवामा आणि बालाकोट आहे. कोर्टातल्या पट्टेवाल्याची गोष्ट त्याला सांगायला कुणी आले नाही.

१७ एप्रिल, सकाळ. मतदानाला एक दिवस

सोलापूर मतदारसंघात प्रचाराला बंदी आहे. मात्र त्याच जिल्ह्यात, अकलूजमध्ये, पंतप्रधान नरेंद्र मोदी बोलत आहेत. अकलूज माढा मतदारसंघात येते आणि माढ्याचे मतदान २३ एप्रिलला आहे, त्यामुळे सभा नियमात बसते. मंचावर रणजितसिंहांचे वडील विजयसिंह मोहिते-पाटील आहेत. ‘सगळ्या चोरांचे आडनाव मोदी कसे’ या राहुल गांधींच्या विधानाला मोदी आपल्या मागास जातीचा दाखला देऊन उत्तर देतात. सोलापुरातल्या प्रत्येक घरात टीव्हीवर ते थेट दिसते. आपला मतदार चॅनल बदलतो. दुसरीकडेही तेच.

१८ एप्रिल, सकाळी ७. मतदान

ऊन चढायच्या आत तो रांगेत. बटण दाबतो, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, पंजा पाहून तो बाहेर येतो. बोटावरच्या शाईचा फोटो घरच्या ग्रुपवर पडतो.

दुपारी १

रस्ते तापले आहेत. त्याच्या बूथबाहेर भाजपच्या टेबलावर यादी घेऊन चौघे बसलेत. राहिलेल्या नावांना फोन जातात, गाडी जाते. पंजाच्या टेबलावर एक ओळखीचा म्हातारा आहे आणि पाण्याची बाटली. आपला मतदार त्याला नमस्कार करून जेवायला जातो. दुपारी झोपतो. त्याचे मत झालेले आहे.

सायंकाळी ६

मतदान सुमारे ५८ टक्के, २०१४ पेक्षा थोडे जास्त. ‘वाढलेलं मतदान म्हणजे राग!’ तो जाहीर करतो. राग कुणावर, हे यंत्रात बंद झाले आहे. आता ३५ दिवस काहीच करता येणार नाही.

१९ मे, सायंकाळी साडेसहा. निकालाला चार दिवस

शेवटचा टप्पा संपतो आणि एक्झिट पोल सुरू होतात. इंडिया टुडे-अ‍ॅक्सिस महाराष्ट्रात भाजप-शिवसेना युतीला ३८ ते ४२ जागा देते. ‘विकले गेलेत सगळे.’ तरीही प्रत्येक चॅनल तो शेवटपर्यंत बघतो. रात्री त्याला एक आधार सापडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जाणार आहेत. सोलापूरच्या सहा क्षेत्रांत मिळून ३०. ‘तिथं उघडं पडतंय बघ.’

२३ मे, सकाळी ८

रामवाडीच्या गोदामात टपाली मतांपासून मोजणी सुरू होते. आपला मतदार अंघोळ करून, सिद्धेश्वराला हात जोडून टीव्हीसमोर बसला आहे.

सकाळी १०

देशाचे चित्र स्पष्ट होत आहे. मुंबईत सेन्सेक्स पहिल्यांदा ४० हजारांवर जातो. ‘देशाचं सोड, आपलं सांग.’ आपल्याकडे महाराज पुढे आहेत. ‘ग्रामीणची यंत्रं आधी लागली असतील.’

दुपारी १२

नांदेडमधून अशोक चव्हाण मागे, अमेठीतून राहुल गांधी मागे. सोलापूरची पट्टी पडद्याखालून सरकते, शिंदे मागे. आता तो शहर मध्यच्या फेऱ्यांची वाट पाहतो. दुपारच्या जेवणाचे ताट तसेच राहते.

दुपारी ३

फटाके. पहिल्यांदा लांबून, मग गल्लीच्या तोंडाशी. तो टीव्ही बंद करतो.

रात्र

चिठ्ठ्या जुळतात, अंतिम आकडे येतात. स्वामी ५,२४,९८५. शिंदे ३,६६,३७७. आंबेडकर १,७०,००७. राज्यात काँग्रेसची एकच जागा, चंद्रपूर. अकोल्यातूनही आंबेडकर हरले. आपला मतदार कागद-पेन्सिल घेतो आणि शिंदे व आंबेडकरांची बेरीज करतो: ५,३६,३८४. महाराजांपेक्षा ११,३९९ जास्त. त्याला उत्तर मिळाले. वंचितने पाडले. पुढची पाच वर्षे तो हीच बेरीज सांगत राहिला.

बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. २०१४ मध्ये वंचित नव्हती, आंबेडकर सोलापुरात उभे नव्हते. तेव्हा शिंद्यांना ३,६८,२०५ मते होती आणि ते १,४९,६७४ मतांनी हरले. पाच वर्षांनी वंचित आली तरी शिंद्यांची मते दोन हजारांनीही कमी झाली नाहीत. त्याआधी, २००९ मध्ये, ते ३,८७,५९१ मते घेऊन जिंकले होते. तीन निवडणुकांत काँग्रेसचा आकडा पावणेचार लाखांच्या आसपास घुटमळला. त्याच काळात भाजप २,८७,९५९ वरून सव्वापाच लाखांवर गेली. आंबेडकरांनी शून्यातून १ लाख ७० हजार उभे केले. २०१४ आणि २०१९ च्या मधे एकूण मतदान लाखाहून अधिक वाढले आणि काँग्रेसच्या आकड्यात त्याची खूणही नाही.

म्हणजे साहेबांची मते कुणी खाल्ली नाहीत. ती होती तेवढीच राहिली आणि गाव वाढत गेले. आपला मतदार इमानाला पक्का होता, पण आपले इमान म्हणजेच पक्षाचे काम, असे त्याने धरले. १० मार्चपासून १८ एप्रिलपर्यंत तो शेकडो लोकांशी निवडणुकीवर बोलला. त्यात आधीच पटलेल्यांना पटवणे होते आणि न पटलेल्यांची टिंगल. नव्या माणसाकडे मत मागणे त्यात नव्हते.

२०२४ मध्ये वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली, एमआयएमने उमेदवार दिला नाही, आणि प्रणिती शिंदे ६,२०,२२५ मते घेऊन ७४,१९७ मतांनी जिंकल्या. गुलाल या वेळी आपल्या मतदाराच्या अंगावर पडला. ‘बघा, म्हणलं नव्हतं?’ असे सांगत तो फिरला. २०१९ च्या तुलनेत ही अडीच लाखांहून जास्त मते आहेत आणि त्यांतले बहुतेक लोक त्याच्या ओळखीचे नाहीत. ती मते पंजाची खासगी मालमत्ता झाली, असे धरून तो पुन्हा टपरीवर बसला असेल, तर पुढच्या पराभवाचे दिवस मोजायला सुरुवात झालेलीच आहे. पक्ष कोणताही असो, वाचकांपैकी जे आपल्या पक्षाचे पक्के आहेत त्यांनी एवढे करावे: पुढच्या निवडणुकीत आपले मत झाल्यावर दुपारी झोपू नये.