बोरीबंदर–कल्याण वाफेचा लोहमार्ग : सिम्युलेटरमधील पुनर्निर्मिती
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा वाफेच्या युगातील मार्ग संगणकावर पुन्हा उभारणे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी 14 डबे ओढले. 1 मे 1854 रोजी खाडीवरील पुलांवरून मार्ग कल्याणला पोचला. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर (2001) आणि त्याच्या फायली वाचणारे मोफत ओपन रेल्स यांत असा मार्ग रचता येतो. रुळांचे अंतर 1,676 मिमी ठेवावे लागते. कसोटी लागते ती वगळण्यात: 1854च्या देखाव्यात 1916चा पारसिक बोगदा नको, विजेच्या ताराही नकोत. आजच्या दाट डोंबिवलीच्या जागी मोकळी जमीन दाखवल्याशिवाय ही पुनर्निर्मिती विश्वासार्ह ठरत नाही.