पारगडावरील मोगली स्वारी : सन १६८९ कीं १६८४ ?

चंदगड तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर पारगड आहे. त्याच्या खालीं कोंकण, पलीकडे गोमंतक व समुद्र. या टापूंतील दऱ्यांचें पाणी तिळारी नदींतून शापोऱ्याच्या मुखाशीं समुद्रास मिळतें. किनाऱ्याच्या बंदोबस्ताची ही पाठची फळी होय.

शिवछत्रपतींनीं १६७५ त फोंडें घेतलें. पुढील वर्षीं हा गड बांधून त्यावर तानाजी मालुसरे यांचे चिरंजीव रायबा यांस नेमिलें, अशी परंपरा आहे. शेजारच्या सामानगडावर १८४४ त गडकऱ्यांचें बंड झालें, पुढें इंग्रजांनीं अनेक गडांची शिबंदी मोडली. परंतु पारगडची वस्ती उठली नाहीं. तट ढासळला, पण शिबंदीचे वंशज अद्याप गडावर नांदत आहेत. त्यांच्यामुळेंच गडाची हकीकत तोंडोतोंडीं टिकली, हें प्रथम कृतज्ञतेनें नमूद करतों.

त्या हकीकतींत असें सांगतात कीं, १६८९ त शाहजादा मुअज्जम व खवासखान गडावर चालून आले, मोठी झुंज होऊन मोगल हटले, व तोफखान्यावरील एक वीर पडला. त्याची समाधीही दाखवितात. झुंजीविषयीं आमची शंका नाहीं; शंका आहे ती सनाविषयीं.

मुअज्जमास औरंगजेबानें १६८७ त कैद केलें व १६९५ पर्यंत मोकळें सोडिलें नाहीं. कैदेंतला शाहजादा १६८९ त सह्याद्रीवर कसा येईल? विजापूरचा प्रसिद्ध खवासखान तर १६७६ तच मारला गेला होता. त्या किताबाचा दुसरा कोणी असल्यास गोष्ट निराळी.

मुअज्जम, म्हणजेच शाहआलम, या प्रांतांत खरोखर आला तो निराळ्या वेळीं. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराज बार्देश व साष्टींत शिरले असतां शाहआलमाची फौज चंदगडकडील रामघाटानें खालीं उतरली. तिनें डिचोली उध्वस्त केली. परंतु दाणावैरण सरली, रोगराई पसरली, आणि १६८४ च्या फेब्रुवारींत तीच फौज मराठ्यांचे छापे सोशीत त्याच घाटानें माघारी चढली. घाटमाथ्यावरचा पारगड तिच्या वाटेवर सलणारा होता, हें उघड आहे.

तेव्हां गडाची ही झुंज शके १६०५, रुधिरोद्गारी संवत्सरांतील, म्हणजे १६८४ च्या आरंभींची असावी, असा आमचा तर्क आहे. १६८९ हें संभाजी महाराजांच्या वधाचें वर्ष; लोकस्मृति अशा ठळक सनाकडे इतर प्रसंग ओढून घेते. लोकांनीं नांव बरोबर राखलें, आंकडा तेवढा सरकला.

चंदगडकडील दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं शके १६०५ च्या पौष ते फाल्गुनांतील इनाम, बालपरवेशी व शिबंदीचे कागद ताडून पाहावे. तोफखान्यावरील त्या वीराच्या घराण्यास कांहीं जमीन चालविल्याची सनद निघाल्यास तिची मिति या वादाचा निकाल लावील. मग ती आमच्या तर्काविरुद्ध गेली तरी हरकत नाहीं.