सात महिन्यांनी ब्रेक का? २४० दिवसांची गोष्ट

आजचा भाग एका फोनवरून सुचला.

माझ्या मामेभावाला जालन्याच्या एमआयडीसीत काम लागलं. टेम्पररी. पहिल्या दिवशी पोरगं पहाटे पाचला उठलं, डबा घेतला, एसटीनं जालन्यात आलं, तिथून शेअर रिक्षा आणि सातच्या आत गेटवर. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं कुठल्या तरी कागदावर सही घेतली. कागदावर काय होतं, ते यानं वाचलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सेफ्टी शूज एक नंबर मोठे मिळाले. रात्री फोन आला, "दादा, पाय लई दुखायलेत. पण लागलं बघ काम."

मी विचारलं, "किती दिवसांचं?"

"सात महिने. मग ब्रेक देतेत. सगळ्यांनाच देतेत."

"सातच का?"

"काय माहीत. नियमच आहे तसा."

त्याला काय बोलणार? बीटेकनंतर माझं जॉइनिंग लांबलं होतं, तेव्हा मी पण तीन महिने एका कंपनीत पॅकिंग लाइनवर काढलेत. माझ्या शेजारी उभा राहणारा भाऊ तिथं चौथ्यांदा 'नवीन' लागला होता. मशीनचा आवाज बदलला की बिघाड कुठं आहे हे तो सांगायचा, पण कार्डावर दर वेळी नवा नंबर आणि नवी जॉइनिंग डेट. मला तेव्हा वाटलं, असंच असतं.

तर मंडळी, सात महिन्यांनी ब्रेक द्या, असा कायदा कुठंच नाही. कायद्यात आकडा आहे तो २४० दिवसांचा. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस, आठ महिने म्हणजे २४०. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे लगेच दिसलं: कुणीतरी कंडिशन नीट वाचलीय आणि त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं ठरवलंय.

पण हा २४० आला कुठून? त्यासाठी जरा मागं जावं लागेल, मुंबईच्या गिरण्यांपर्यंत.

गेटवरची गर्दी

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. पुढं गिरण्या वाढल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं आली. कामाला घ्यायचं कुणाला, हे मालक ठरवत नसे, जॉबर ठरवत असे. आजच्या भाषेत सुपरवायझर आणि लेबर कॉन्ट्रॅक्टर एकाच माणसात. कायम कामगार आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा माणूस. त्याला म्हणायचे 'बदली'. बदलीवाला सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. नाव पुकारलं तर काम, नाही तर चालत घरी. आणि नाव पुकारलं जावं म्हणून जॉबरचा हात ओला करावा लागायचा. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशननं १९३१ च्या अहवालात ही लाचखोरी नोंदवून ठेवलीय.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघानं बदली कार्डं सुरू केली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरचा हात थोडा आखडला. म्हणजे टेम्पररी माणसाची कुठंतरी लेखी नोंद व्हायला लागली.

रविवार कुणी आणला?

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो, शेवटी ती आपल्या हिशोबात येणार आहे. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या. एक मुख्य मागणी साधी होती: आठवड्याला एक दिवस सुट्टी. त्यासाठी सहा वर्षं लागली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

२४० चा आकडा

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, औद्योगिक विवाद कायदा आला. त्यात १९५३ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि कामगार कपातीचे नियम बसले. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेला माणूस 'सलग वर्षभर नोकरीत' धरायचा. त्याला काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर्षामागं १५ दिवसांची भरपाई.

महाराष्ट्रात आणखी पुढची पायरी होती. इथल्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये २४० दिवस भरलेल्या बदली किंवा टेम्पररी कामगाराला कायम करायची तरतूद होती. आणि राज्यानं १९७१ मध्ये केलेल्या कायद्यात, कायमपणाचे फायदे द्यायचे नाहीत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं, हीच 'अनुचित कामगार प्रथा' ठरवली.

तरी बदलीवाले राहिलेच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, हीसुद्धा मागणी होती. संप फसला, आणि पुढं गिरण्याही गेल्या. १९८४ मध्ये केंद्राच्या कायद्यात एक कलम घुसलं: कराराची मुदत संपली म्हणून काम गेलं, तर ती 'कपात' धरायची नाही. पहिल्या दिवशी ज्या कागदावर सही घेतात ना, त्याचं वजन इथून वाढलं.

आता रविवारकडे परत या. १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की ज्या रविवारचे आणि सुट्ट्यांचे पैसे मिळतात, ते दिवससुद्धा २४० मध्ये मोजायचे. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार ९५ वर्षांनी कामगाराच्या हजेरीत आला! नुसते कामाचे दिवस धरले, महिन्याला २६, तर नऊ महिन्यांत पण २३४ च होतात. रविवार धरले की आठव्या महिन्यातच २४० भरतात. म्हणून ब्रेक सातव्याला.

आणि जालना?

आपल्याकडं हंगामी काम नवीन नाही. जिनिंग कापसाच्या हंगामात चालायचं. बी-बियाण्यांच्या कंपन्यांत खरिपाआधी निवडायला, पॅकिंगला माणसं लागतात. तिथं काम थांबतं, कारण हंगाम संपतो. पण सळई बनवणाऱ्या रोलिंग मिलचा हंगाम कुठला? भट्टी बाराही महिने तापलेली असते. तिथं काम संपत नाही, फक्त माणसाचे दिवस संपवले जातात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. जुने बरेच कायदे त्यात गेले. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. चांगलंच आहे. पण सात महिन्यांवाल्याचं वर्ष भरणार कधी?

मग भावाला मी काय सांगितलं? 'भांडण कर' असं नाही सांगितलं. घरी हप्ते आहेत, मला माहितीय. एकच सांगितलं: तुझे दिवस तू मोज. कारण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय, की २४० दिवस भरले हे आधी कामगारानं दाखवायचं, आणि नुसतं शपथपत्र पुरत नाही. म्हणून सही करायच्या कागदाचा फोटो काढ. गेटपासचा काढ. पगाराची स्लिप माग. पीएफचा यूएएन नंबर कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी तोच ठेव आणि मोबाइलवर पासबुक बघत जा. ओव्हरटाइम डबल रेटनं असतो, तो लिहून ठेव.

परवा त्यानं एक फोटो पाठवला. घरातल्या कालनिर्णयवर रोजच्या तारखेला पेनानं गोल. रविवारला पण गोल. खाली लिहिलंय, 'दिवस २३'.

तुमच्या घरात कुणी असं टेम्पररी लागलं असेल, तर हा भाग त्याला पाठवा. आणि आज कितवा दिवस आहे, ते त्याला विचारा.

भेटू पुढच्या भागात.