गोटी आणि गोळा

माझं आजोळ आटपाडी तालुक्यातलं, माणदेशातलं. मारुतीच्या देवळापुढं एक काळीकुळकुळीत दगडी गोटी पडलेली असायची. यात्रेत ती उचलायची पैज लागे. आमच्या आबांनी ती खांद्यावरून मागं टाकली होती म्हणे. आक्का मात्र म्हणायची, "छातीपातुरच आलीवती." बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, यावरही दोघांचं कधी जमलं नाही. एवढं खरं, की घरात तेव्हा हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी, याउपर खुराक नव्हता.

मी पाचवीत असेन. गोटीला हात घालून रडकुंडीला आलो, तेव्हा आबा म्हणाले, "हातानं न्हवं लेका, पायानं उचल."

४ सप्टेंबर २०२४ ला हेच शब्द आठवले. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये करगणीच्या सचिन खिलारीनं एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं. करगणी म्हणजे आमच्याच आटपाडी तालुक्यातली. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्याचा डावा हात मोडला, पुढं गँगरीन झालं, हात कायमचा अधू राहिला. आई लवकर गेली. शेतकऱ्याचं पोर, तरी इंजिनिअर झालं. आधी भाला फेकायचा, खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडं वळला.

त्याची फेक मी पुन्हा पुन्हा पाहिली. गोळा मानेशी टेकलेला. मागचा पाय जमीन रेटतो, मग कंबर फिरते, मग खांदा; हाताची पाळी सगळ्यात शेवटी. आबांचंच सांगणं की हे!

२०२३ ला पॅरिसला आणि २०२४ ला कोबेला तो जगज्जेता झालाच होता. पॅरालिम्पिकचं सोनं कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टनं १६.३८ मीटरवर नेलं. सहा सेंटीमीटर, म्हणजे तीन-चार बोटांचं अंतर. आक्कानं चुलीपुढं बोटं जुळवून दाखवली असती. पण हे रौप्यही थोडं नाही. १९८४ ला जोगिंदरसिंग बेदींनी गोळाफेकीत पदक आणलं होतं. त्यानंतर पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पॅरालिम्पिक पदक यायला चाळीस वर्षं लागली.

आबा तेव्हा असते, तर सगळ्या आळीला गूळ वाटला असता.

तुमच्या गावच्या देवळापुढं अशी गोटी असेल, तर ती कुणी उचलली होती, हे घरातल्या म्हाताऱ्यांना यंदाच्या यात्रेत विचारून घ्या.